वर मजला नसलेला जिना

मी एक जुना जिना आहे. पण मित्रांनो, मला वर मजलाच नाही. चार पायऱ्या चढायच्या, वरच्या चौकोनी फळीवर क्षणभर उभे राहायचे आणि पलीकडच्या चार पायऱ्यांनी पुन्हा त्याच फरशीवर उतरायचे. एकदा एका पाहुण्याने मला पाहून विचारले होते, "हा असा अर्धवट का? सुतार मध्येच पळून गेला की काय?" सुतार त्याच्या शेजारीच उभे होते. पाहुण्याला नंतर चहासुद्धा कोणी विचारला नाही.

मी एका पुनर्वसन केंद्रात राहतो. अपघातात पाय गमावलेली, पक्षाघाताने एक बाजू कमजोर झालेली, मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पावले टाकायला शिकणारी माणसे इथे येतात. आमची खोली लांबट आहे. एका भिंतीला आरसा, दुसऱ्या भिंतीला वजने टांगण्याच्या खुंट्या, मधोमध धरून चालण्याच्या दोन समांतर दांड्या आणि खिडकीखाली मी. नवीन माणूस आधी पलंगावर व्यायाम करतो, मग दांड्यांमध्ये चालतो आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे येतो. त्यामुळे या खोलीत माझा मान मोठा होता, आणि खोटे कशाला बोलू, मला त्याची चांगलीच जाणीव होती.

मला केंद्राच्या सुतारमामांनी घडवले. मामांच्या दोन्ही हातांना मिळून नऊ बोटे आहेत. दहावे तरुणपणी करवतीने नेले. तेव्हापासून ते दर मापाला दोनदा पट्टी लावतात. माझी प्रत्येक पायरी त्यांनी बरोबर सहा इंच उंच केली. गुण्या लावून कोपरे तपासले, पाणसळ ठेवून सपाटी तपासली, रंधा मारून कडा गोल केल्या, वर खरखरीत रबर ठोकले आणि दोन्ही बाजूंना कठडे बसवले. काम संपल्यावर ते माझ्यावर बसून घाम पुसत म्हणाले होते, "आता याच्यावरून कोण पडतो ते बघतोच."

कोणी पडले नाही. सतरा वर्षे मी माणसे चढवली आणि उतरवली. आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. माणूस कठड्याला हात न लावता मला पार करून गेला, की तो पास. मग त्याला वरच्या फळीवर उभे करायचे, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा आणि घरी पाठवायचे. ते फोटो समोरच्या भिंतीवर ओळीने लावलेले असत. एकतीस फोटो होते, आणि त्या प्रत्येकात मी होतो. मी रोज ते पाहत असे आणि माझी छाती फुगत असे. जिन्याला छाती कुठली, असे विचारू नका.

अशात आमच्याकडे सलूनवाले काका आले. मालाच्या गाडीखाली सापडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला होता. पन्नाशीचे गृहस्थ, बोलायला मिठ्ठास आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या डोक्याकडे आधी बघणारे. पहिल्याच दिवशी ते आमच्या फिजिओताईंना म्हणाले, "ताई, व्यायाम तुम्ही सांगाल तो करतो. पण तुमचे केस ज्याने कापले ना, त्याला एकदा माझ्याकडे पाठवा." ताई एरवी फार कडक. त्या दिवशी मात्र त्या आरशात बघून हसल्या.

कृत्रिम पाय बसल्यावर काकांची प्रगती बघण्यासारखी होती. वर चढताना चांगला पाय आधी, खाली उतरताना कृत्रिम पाय आधी, हा नियम त्यांनी एका दिवसात गिळला. आठवड्याभरात कठडा सोडला. पुढे तर ते मान ताठ ठेवून, छताकडे बघत, तोंडाने "एक, दोन, तीन, चार" म्हणत मला पार करू लागले. लोक त्यांना 'एक्सप्रेस' म्हणू लागले. भिंतीवर बत्तिसावा म्हणून त्यांचा फोटो लागला तेव्हा टाळ्या इतक्या जोरात वाजल्या, की शेजारच्या खोलीतून मोठे डॉक्टर काय झाले म्हणून पाहायला आले.

तीन आठवड्यांनी काकू आल्या. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. त्या कोणाशी काही न बोलता सरळ माझ्याजवळ आल्या, पिशवीतून काकांचा कृत्रिम पाय काढला आणि माझ्या पहिल्या पायरीवर ठेवला.

"हा तुमचा पाय. परत घ्या," त्या ताईंना म्हणाल्या. "आमच्याकडे कपाटामागे उभा राहून धूळ खातोय."

मग हळूहळू काकूंकडून सगळी हकिगत कळली. काकांचे सलून रस्त्यापेक्षा खाली आहे. पूर्वी ते रस्त्याच्या बरोबरीने होते. पण दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढत गेला आणि ओळीतल्या इतर दुकानांसारखे तेही खाली राहिले. आता रस्त्यावरून चार पायऱ्या उतरूनच दाराशी जावे लागते. दुकान उघडण्याच्या दिवशी काका नवा शर्ट घालून गेले. शेजारचे दुकानदार, जुनी गिऱ्हाइके, सगळे जमले होते. काकांनी इथल्यासारखीच मान ताठ ठेवली, तोंडाने "एक" म्हटले आणि कृत्रिम पाय खाली सोडला. पाय सहा इंचांवर फरशी शोधत होता. फरशी होती नऊ इंचांवर.

"सगळ्यांच्या देखत तोंडावर पडले हो," काकू म्हणाल्या. "लागलं फार नाही, मनगट मुरगळलं फक्त. पण उठले ते शटर ओढून घरी आले, ते आजपर्यंत दाराबाहेर नाहीत. सकाळी दाढी करत नाहीत. ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या दाढ्या केल्या, ते! सगळा दोष तुमच्या या जिन्याचा आहे. लबाड आहे हा."

लबाड! मित्रांनो, सतरा वर्षांत मला असे कोणी बोलले नव्हते. मला राग आला. माझ्याहून जास्त राग सुतारमामांना आला. खिडकीची बिजागरी बसवायचे सोडून ते तरातरा पुढे आले.

"काकू, वाटेल तिथे पाणसळ लावून बघा. सूतभर फरक निघाला तर मी आजपासून हत्यार धरणार नाही!"

"अहो, तेच म्हणतेय मी," काकू म्हणाल्या. "असा जिना बाहेर आहे का कुठे? दाखवा मला एक तरी."

मामा आपल्या बिजागरीकडे परत गेले. ताईंनी काकूंना पाणी देऊन खुर्चीवर बसवले, पाय उचलून नीट पुसला आणि "हा आम्ही सांभाळून ठेवतो, पण काकांसाठीच," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले. टेबलाशी बसून एकेकाला फोन लावला. त्या प्रत्येकाला एकच विचारत होत्या, "आठवड्यातून किती वेळा घराबाहेर पडता?" मी ऐकत होतो. कोणाच्या घराच्या उंबरठ्याबाहेर उंच ओटा होता. कोणाला बसची पायरी जमत नव्हती. एक बाई म्हणाल्या, "मला चालता येतं हो, पण जायचं कुठे?" संध्याकाळी ताईंनी हिशेब केला. बत्तीसपैकी एकोणीस जण घरातच होते. चालता येत होते सगळ्यांना. माझ्या डोळ्यांसमोर टाळ्या घेऊन गेलेली एकोणीस माणसे चार भिंतींत बसून होती, आणि मी इथे छाती फुगवून उभा होतो. त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली.

मग ताई आणि सुतारमामा पट्टी घेऊन काकांच्या दुकानाशी गेले. शटर बंदच होते. मामांनी पायऱ्यांवर पालथे पडून मापे घेतली. पहिली पायरी नऊ इंच. दुसरी सहा. तिसरी जेमतेम चार आणि मधोमध झिजून खोलगट झालेली. चौथी एका बाजूला कललेली. कठडा एकाही बाजूला नाही. परत आल्यावर मामा बराच वेळ करवत हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"मी चांगलं काम करायला शिकलो," ते ताईंना म्हणाले. "मुद्दाम वाईट काम कसं करायचं?"

"दोनदा मोजून," ताई म्हणाल्या.

आणि मामांनी माझी खिडकीकडची बाजू तोडली. दुखले का, म्हणाल तर दुखले. ज्या हातांनी कडा गोल केल्या होत्या, तेच हात आता त्या ओबडधोबड करत होते. तिसऱ्या पायरीत त्यांनी पटाशीने खळगा कोरला. कठडा उपटून काढला. एक बाजू शिकाऊ लोकांसाठी सरळ ठेवली, दुसरी वाकडी झाली. आरशात मी स्वतःला पाहिले. माझा पार अवतार झाला होता.

आता प्रश्न काकांना आणायचा होता. ताईंचे फोन ते घेत नव्हते. शेवटी सुतारमामा त्यांच्या घरी गेले आणि दारातूनच म्हणाले, "तुमच्या दुकानाच्या पायऱ्या आमच्याकडे आल्यात. बरोबर आहेत का, बघून जा."

काका कुबड्या घेऊन आले. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला, सोबत काकू. वादच घालायचा या तयारीने ते माझ्यापर्यंत आले आणि एकदम थांबले. मग वाकून त्यांनी माझ्या तिसऱ्या पायरीच्या खळग्यावरून हात फिरवला.

"अरेच्चा! ही तर माझी तिसरी. इथे पाणी साचतं बघा." त्यांनी चौथी पायरी कुबडीने ठोकून पाहिली. "ही चुकली. आमची अजून डावीकडे झुकते. आणि पहिलीची कड इतकी शाबूत नाही, तिथे एक टवका उडालाय."

"कुठे? खूण करून दाखवा," मामा खडू पुढे करत म्हणाले.

दोघे कारागीर अर्धा तास माझ्याभोवती वाद घालत बसले. काकूंनी ताईंकडे पाहिले आणि डोळे पुसले. काकांना आपण घराबाहेर पडलो आहोत, हे लक्षातच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सांभाळून ठेवलेला पाय काकांना पुन्हा बसला आणि नवे शिक्षण सुरू झाले. आता छताकडे बघायचे नाही आणि मोजायचेही नाही. पायरीवर नजर ठेवायची, कृत्रिम टाचेला काही जाणवत नाही म्हणून ती टेकली का हे मांडीला विचारायचे आणि मगच वजन सोडायचे. काका पहिल्या दिवशी तीनदा घसरले. ताईंनी कमरेला पट्टा बांधून धरले होते म्हणून निभावले. पुढच्या आठवड्यात हातात पाण्याचा डबा आला, कारण सलूनमध्ये पाणी लागते. मग ताईंनी पायरीवर थोडे पाणी सांडले. मग समोरून माणसे सोडली. नंतर त्यांनी एक गंमतच केली. काका मधल्या पायरीवर आले, की खोलीतल्या कोणीतरी हाक मारायची, "काय काका, कसं काय चाललंय?" काका बोलके, लगेच मान वळवून उत्तर द्यायचे आणि तोल जायचा. आधी थांबायचे, मग बोलायचे, हे शिकायला त्यांना सगळ्यात जास्त दिवस लागले. काकू म्हणाल्या, "मी तर हे तीस वर्षं सांगतेय."

महिना गेला. काका वाकडी बाजू चढू-उतरू लागले. तरी ताईंनी "दुकान कधी उघडायचं?" असे विचारले, की ते विषय बदलत. एकदा दुपारी खोली रिकामी होती. काका माझ्या खालच्या पायरीवर बसून राहिले आणि ताईंना म्हणाले, "ताई, पायऱ्यांना भ्यावं असं काही राहिलं नाही. भीती वेगळीच आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, मान मागे टाकतं, डोळे मिटतं. माझ्या हातात वस्तरा असतो. तेव्हा हा पाय जागचा हलला तर? आणि समजा नाही हलला, तरी लोकांच्या मनात ते येणारच ना? माझ्यापुढे मान कोण देईल?"

ताईंकडे यावर व्यायाम नव्हता. पण दाराशी सुतारमामा होते. त्यांनी स्टूल ओढले, माझ्या पायथ्याशी ठेवले, त्यावर बसले आणि मान मागे टाकली.

"करा."

"वेडे आहात का?"

"काका, मी केलेल्या जिन्यावर तुम्ही एकदा विश्वास ठेवला, तो अंगलट आला. तरी दुसऱ्यांदा ठेवलात. आणि बनवणाऱ्याला बोटं किती, ते मोजलीत का कधी?" मामांनी नऊ बोटे वर केली. "आता बोलू नका. मला चार वाजता खिडकी लावायची आहे."

काकांची वस्तरा-ब्रशची पेटी काकूंनी पहिल्या दिवसापासून सोबत आणून कोपऱ्यात ठेवली होती. त्यांनी कधी तिचा उल्लेख केला नव्हता. काकांनी ती उघडली. ब्रशने फेस केला. वस्तरा गालाजवळ नेला. त्यांनी तो खाली घेतला. कृत्रिम पाय थोडा मागे रोवला, मांडी स्टुलाला टेकवून आधार करून घेतला, श्वास सोडला. मग वस्तरा गालाला लावला आणि हात जणू स्वतःचे घर सापडल्यासारखा स्थिर झाला. गाल झाले, हनुवटी झाली. गळ्याशी आल्यावर ताईंनी पाहायचे सोडून दिले आणि खिडकीबाहेर तोंड केले. मी मात्र सगळे पाहिले. काकांनी चांगल्या पायावर अर्धे वळण घेतले, कृत्रिम पाय मागोमाग ठेवला, थांबले आणि मग वस्तरा चालवला. आधी थांबायचे, मग पुढचे. ते त्यांनी माझ्यावर शिकले होते.

मामा उठून आरशासमोर गेले. कुठे साधा ओरखडा नव्हता. फक्त डाव्या कानाखाली चार केस राहून गेले होते. काका ओशाळून म्हणाले, "थांबा, ते काढतो." मामा म्हणाले, "राहू द्या." आणि दोन दिवस ते चार केस सगळ्या केंद्राला दाखवत फिरले.

त्याच आठवड्यात काकांनी दुकान उघडले. आता आमच्याकडे फोटोची पद्धत बदलली आहे. फोटो इथे काढत नाहीत, माणूस जिथे कामाला लागला तिथे जाऊन काढतात. ताई आणि मामा सोबत गेले होते, म्हणून मला सगळे कळले. पुन्हा तेवढेच लोक जमले होते. या वेळी चार जण काकांना उचलून न्यायलाच पुढे झाले. काका म्हणाले, "उचलू नका रे. जरा बाजूला व्हा, मला पायरी दिसत नाहीये." ते उतरले. मधल्या पायरीवर कोणीतरी "अभिनंदन काका!" म्हणून ओरडले. काका थांबले, पाय रोवला आणि मग मान वळवून म्हणाले, "आत ये, तुझे कल्ले वाढलेत." त्या दिवशी दुकानाबाहेर रांग लागली होती. पहिली मान शेजारच्या घड्याळवाल्याने दिली.

तो फोटो आता भिंतीवर आहे. त्यात मी नाही. सुरुवातीला जरा चुटपुट लागली, पण काकांचा चेहरा बघितला की ती जाते.

पुढे एक गोष्ट झाली, ती ऐका. सलूनच्या समोर एक निवृत्त मास्तर राहतात. दोन वर्षांपासून ते केस कापायला येत नव्हते. काकांना वाटे, रुसले असतील किंवा दुसरीकडे जात असतील. आता काकांची नजर पायऱ्यांवर असायची. एका सकाळी त्यांनी पाहिले, मास्तर कडेपर्यंत आले, खाली पाहिले आणि मागे फिरले. काका लगेच वर चढून गेले.

"मास्तर, गुडघा कुठला दुखतो?"

"उजवा," मास्तर चकित होऊन म्हणाले.

"मग उतरताना उजवा आधी टाका. माझ्या खांद्यावर हात ठेवा. मोजू नका."

त्या दिवशी रस्त्यावरच्या लोकांनी दोन्ही पाय असलेल्या माणसाला कृत्रिम पायाच्या माणसाने हाताला धरून खाली नेताना पाहिले. मग दुकानदारांच्या गप्पा सुरू झाल्या. कोणाची आई येत नाही, कोणाची गरोदर सून वरूनच सामान मागते, कोणाचे कोणते गिऱ्हाईक कधीपासून दिसले नाही. कोण येत नाही याचा विचार इतक्या वर्षांत कोणी केलाच नव्हता. महिन्याभरात सगळ्यांनी मिळून त्या ओळीतल्या पायऱ्या नव्याने बांधून घेतल्या. मापे द्यायला सुतारमामांना बोलावले. सगळ्या पायऱ्या सहा इंच, बाजूला लोखंडी नळीचा कठडा.

मामा त्या संध्याकाळी परत आले आणि माझ्या वाकड्या बाजूच्या चार पायऱ्या सोडवून त्यांनी मोडीत टाकल्या. आता त्यांची नक्कल ठेवून उपयोग नव्हता. तसा जिना जगात कुठे उरलाच नव्हता. त्या जागी दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच पायरी बसवली, चौदा इंचांची. बसची पायरी. शिवणकाम करणाऱ्या एका मावशींना कारखान्यात जायचे आहे. आजच सकाळी त्या तिच्यावरून दोनदा घसरल्या आणि तिसऱ्यांदा चढल्या. चढल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. मला तेलपाणी करा, जपा, असे मी म्हणत नाही. त्याला मामा आहेत. तुमच्या घराच्या, दुकानाच्या, शाळेच्या दाराशी जी पायरी आहे, ती एकदा पट्टी लावून मोजा. जमल्यास दोनदा मोजा. वाकडी असेल तर सरळ करून घ्या आणि धरायला काहीतरी बसवा. तुम्ही तसे केलेत, की इथे माझी एक वाकडी फळी मोडीत निघेल. निघू द्या. मी वाटच बघतो आहे.